बाहेरची कडी

आईचं गुजराती सगळ्यात आधी गेलं. लग्न होऊन ती रत्नागिरीकडच्या खेड्यातून बडोद्यात आली त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. वडील रेल्वेत होते. क्वार्टर्समध्ये शेजार सगळा गुजराती, आणि आईनं ती भाषा इतकी आपलीशी केली होती की भांडायची वेळ आली की ती गुजरातीतच भांडायची. मग एका सकाळी कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीच्या लारीवाल्यानं, म्हणजे हातगाडीवाल्यानं, तिला रोजच्यासारखं विचारलं, आज काय देऊ, आणि ती त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिली. घरात आल्यावर मला म्हणाली, "तो काय बोलतो गो? मला एक अक्षर कळलं नाही."

मला वाटलं, कान गेले असतील. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान उत्तम होते.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. गुजराती माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र शिकवायची, सकाळच्या पाळीत. लग्न केलं नाही. त्यामागे काही मोठी कथा नाही. धाकटा भाऊ पुण्यात, त्याचा संसार तिकडे. वडील गेल्यापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आई आणि मी. मेंदूच्या डॉक्टरांनी आईचा आजार सांगितला तेव्हा तो स्मृतिभ्रंश शब्द मला फार मोठा वाटला. घरी आम्ही त्याला काहीच म्हणत नसू. आई विसरते, एवढंच.

दिवसा आईपाशी बसायला मी एक बाई ठेवली. शहराच्या हरणी भागातून यायची. स्वच्छ, शांत, कामाला चोख. पण तिला गुजरातीशिवाय काही येत नव्हतं, आणि आई आता जन्माच्या मराठीत परत गेली होती. आपल्या स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई शिरते, न कळणारं काहीतरी बोलते आणि मग आपलं लुगडं सोडायला बघते, एवढंच आईला दिसत असणार. एकदा आंघोळीच्या वेळी तिनं त्या बाईच्या दंडाला चावा घेतला. बाईनं दंड धुतला, दिवस पुरा केला, आणि मी आल्यावर म्हणाली की बांचा, म्हणजे आईचा, दोष नाही, पण माझ्याच्यानं आता होत नाही. मी तिला थांबवलं नाही. नंतर आलेल्या दोघी आठवडाभरही टिकल्या नाहीत.

त्या दिवसांत मी फेसबुकवरच्या एका गटात होते. अशा आजाराची माणसं घरात सांभाळणाऱ्या मराठी लोकांचा गट. हजारो माणसं होती. पुणं, नाशिक, नागपूर, काही अमेरिकेत. दुपारी आई झोपली की मी फोन घेऊन तिच्या पायथ्याशी बसायची आणि वाचायची. बडोद्यात माझ्याभोवती या विषयावर मराठीत बोलायला कोणी नव्हतं. शाळेत सांगितलं की लोक म्हणत, उंमर थई, आता वय झालं त्यांचं, आणि विषय संपायचा. गटात तसं नव्हतं. दाराशी काळं पायपुसणं टाका, त्यांना तो खड्डा वाटतो, मग त्या बाहेर जात नाहीत, असं मला तिथेच कोणीतरी सांगितलं. आरसा झाकायचं मी सांगितलं. आई आरशातल्या बाईशी भांडायची, की तू माझं कुंकू का लावलंस; मी आरशावर चादर टाकली आणि भांडण थांबलं. हे लिहिल्यावर कितीतरी जणींनी आभार मानले. एकीनं लिहिलं होतं, ताई, तुमच्यामुळे काल रात्री आमचं घर झोपलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या गटाचा आधार वाटायचा. शाळेतून येताना स्कूटरवर मी मनातल्या मनात आज काय लिहायचं ते जुळवत यायची.

मग ती पोस्ट.

बाई नव्हती तेव्हा मी अशी सोय केली होती. वरच्या मजल्यावरच्या काकी, गुजराती, सत्तरीच्या, पूजा आणि घरच्यांचे डबे आटोपून खाली येत आणि मी परत येईपर्यंत आईपाशी बसत. त्यांना मराठी येत नव्हतं, पण त्या बोलतच नसत. माळ घेऊन बसायच्या. त्या बसलेल्या आईला चालायच्या. प्रश्न होता तो मी शाळेला निघाल्यापासून काकी खाली येईपर्यंतच्या वेळेचा. एकदा आई त्या वेळात बाहेर पडली होती आणि मुख्य रस्त्यावर, टेम्पो आणि बसच्या मधोमध, गावातल्या नदीवरचा साकव, तो लाकडी पूल, शोधत होती. इस्त्रीवाल्यानं ओळखून घरी आणली. तेव्हापासून मी निघताना गॅसचा कॉक बंद करायची, आईला चहा-बिस्किट द्यायची, रेडिओ लावायची आणि दाराला बाहेरून कडी घालून कुलूप लावायची. किल्ली काकींकडे.

हे सगळं मी गटात जसंच्या तसं लिहिलं. शेवटी विचारलं की तुम्ही या वेळेचं काय करता, याहून बरा काही मार्ग आहे का. मला खरोखर मार्ग हवा होता. कुलूप लावताना आत रेडिओचा आवाज यायचा आणि स्कूटर सुरू करताना माझा हात जड व्हायचा, हेही मी लिहिलं. ते लिहायला नको होतं बहुतेक.

पहिल्या दोन-तीन जणांनी नीट उत्तरं दिली. मग एक आली. "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण स्वतःच्या आईला कोंडून ठेवता आणि वर ते लिहिता?" त्यानंतर सुरूच झालं. जनावरालाही कोणी असं ठेवत नाही. आईनं नऊ महिने पोटात ठेवलं, तुम्हाला दोन तास सोबत ठेवता येत नाही. आग लागली तर? हे वाचून घशाखाली घास उतरला नाही. कर्म इथेच फेडायचं असतं. कोणी नुसतंच लिहिलं, निःशब्द. पुढे हात जोडल्याची दोन चित्रं. एका गृहस्थानं विचारलं, शहर कोणतं, ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आहे, तक्रार झाली पाहिजे. दुसऱ्यानं माझ्या पानावर जाऊन शाळेच्या स्नेहसंमेलनातला माझा फोटो शोधून खाली चिकटवला. या बाई मुलांना संस्कार शिकवतात म्हणे. आणि एकीनं लिहिलं की बाईंनी लग्न केलेलं दिसत नाही, मूल नाही, माया कुठून असणार.

थंडीचे दिवस होते. मी ताटात ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसले होते आणि फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. वाचत गेले, सोलत गेले. मला आठवतंय की हात थांबले नाहीत. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल बोटानं दाबला तरी दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, तसं काहीसं झालं होतं. रडू आलं नाही. राग यावा म्हणून मी वाट पाहिली, तोही आला नाही. मी प्रत्येक प्रतिक्रिया वाचली, उत्तरपत्रिका तपासते तशी. कोणाचे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत तेही दिसत होतं. माणसांचे फोटो बघत होते. कोणी नातवाला मांडीवर घेतलेलं, कोणी देवळासमोर उभं. चांगली, घरंदाज माणसं. आरशाच्या सल्ल्यासाठी जिनं आभार मानले होते तीही त्यात होती. तिनं लिहिलं होतं की माझा तुमच्यावर विश्वास होता, आज तो गेला.

दोघी-तिघींनी माझी बाजू घेतली. लोक त्यांच्याकडे वळले, तुम्हीही कोंडता वाटतं, तशी त्यातल्या एकीनं आपलं लिहिलेलं पुसून टाकलं. गट चालवणाऱ्यांचा मला वेगळा निरोप आला. वातावरण सकारात्मक राहावं म्हणून पोस्टची भाषा थोडी सौम्य कराल का, असं त्यांनी विचारलं. कोणता शब्द सौम्य करायचा ते मला कळेना. मी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी पुढच्या प्रतिक्रिया बंद केल्या. आधीच्या तशाच राहिल्या, सगळ्यांना दिसत होत्या. माझी पोस्ट वर आणि खाली ते सगळं.

त्या दाण्यांची मी भाजी केली. आईनं जेवताना विचारलं, "मीठ विसरलीस काय गो?" चव मला लागतच नव्हती. मी मीठ आणून तिच्या पानात घातलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी काही बोललं नाही. मराठी वाचणारं तिथे कोणी नव्हतंच. पण नातेवाईक होते. त्या पोस्टचा आणि खालच्या मजकुराचा फोटो कोणाकडून तरी मुंबईच्या मामींकडे पोचला आणि मामींनी तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वर एवढंच लिहिलं, हे खरं आहे का? कोणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र दिसत होत्या. संध्याकाळी भावाचा फोन आला.

बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला, बडोद्यात थंडी किती, आईचं औषध बदललं का. मग म्हणाला, "ताई, दाराला बाहेरून कुलूप लावतेस हे मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"पण फेसबुकवर? आधी मला सांगायचंस ना."

मी म्हटलं, हो, सांगायला हवं होतं. वाद घालायचं बळ नव्हतं, असं म्हणता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. वाद घालावासा वाटतच नव्हता. पलीकडून त्याच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता. शेवटी म्हणाला की तो उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, येतो, तीन दिवस राहतो. सगळे काय म्हणतायत ते बायको त्याला ऐकवत असणार. त्याचं येणं त्यामुळे होतं की आईमुळे, हे मी मनात चाचपून पाहिलं आणि सोडून दिलं.

तो आला. आईनं त्याला ओळखलं नाही, पण तो तिला आवडला. तो मराठी बोलत होता ना. "पाव्हणे, जेवून जा," ती म्हणायची. जेवण झालं की पुन्हा, "पाव्हणे, एस.टी. चुकेल तुमची." पहिल्या दिवशी तो हसला. दुसऱ्या दिवशी गच्च्यांवरून पतंग उडवणाऱ्यांचा ओरडा आणि भोंगे सुरू झाले तशी आई घाबरली. कोणीतरी घर लुटायला आलंय म्हणाली आणि दाराकडे धावायला लागली. दिवसभर आम्ही दोघं आळीपाळीनं दाराशी बसलो. तो बसायचा तेव्हा ती त्याला विनवायची, अहो, मला जाऊ द्या, माझी मुलं शाळेतून येतील. त्याचा चेहरा मी पाहत होते. मला त्याची कीव यायला हवी होती.

उत्तरायण झालं आणि माझी शाळा सुरू झाली. त्या सकाळी तो घरी होता म्हणून मी कुलूप न लावता गेले. काकींना सांगितलं, आज यायची गरज नाही. तरी मी परतले तेव्हा काकी जिन्याशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच सांगितलं की सकाळी भाई बाहेर गेले होते, दाराला बाहेरून कडी दिसली म्हणून मी येऊन बा आतून हाक मारतात का ते पाहिलं, त्या ठीक होत्या. मी आत गेले. भाऊ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. आई पलंगावर झोपली होती. समोर दुधाच्या पिशव्या आणि औषधाच्या दुकानाची पिशवी.

मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "दूध नव्हतं. झोपेची गोळीही संपली होती. ती जागी होती, दाराशीच येऊन उभी राहत होती." मग म्हणाला, "मी कडी लावली."

"हं."

"आतून ती हाका मारत होती, ताई. पाव्हणे, पाव्हणे करून. मी लारीपर्यंत गेलो तरी कानात होतं."

मी दुधाच्या पिशव्या उचलून पातेल्यात ओतल्या. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं असं मनात आलं. आता तुला कळलं, असं मात्र मला म्हणायचं नव्हतं. मी चहा टाकला. आम्ही तिथेच उभ्यानं प्यायलो. जाताना त्यानं मामींच्या त्या संदेशाखाली दोन ओळी लिहिल्या. मी बडोद्याला होतो, मी पाहिलं आहे, कृपा करून हा विषय पुन्हा काढू नये. मामींनी त्यावर जोडलेले हात पाठवले.

मदत मिळाली ती या सगळ्यातून नाही, आणि गटातूनही नाही. शाळेतल्या शिपाईभाईंना मी सहज म्हटलं होतं की मराठी बोलणारी एखादी बाई मिळाली तर बघा. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीत त्यांचं जाणंयेणं होतं. तिथल्या एका मराठी घरात विधवा बाई होत्या, साठीच्या, मुलाकडे राहणाऱ्या, घरात फारसं काम न उरलेल्या. त्या भेटायला आल्या. आईनं त्यांना दारातच विचारलं, "कधी आलीस? किती वाळलीस ती." आणि हाताला धरून आत नेलं. आईची एक धाकटी बहीण होती, लहानपणीच गेलेली. त्या दिवसापासून या बाई ती बहीण झाल्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. मी शाळेला निघायच्या आधीच त्या येत. कुलूप लावणं आपोआप थांबलं.

गट मी सोडला नव्हता. का सोडला नाही, ते सांगता येत नाही. लिहिणं बंद केलं; वाचायचीही क्वचित. उन्हाळ्यात मला तिथल्या एका बाईंचा खाजगी निरोप आला. नाव ओळखीचं होतं. कर्म इथेच फेडायचं असतं, हे लिहिणाऱ्या त्याच. त्यांच्या यजमानांना आता हाच आजार, मुलगा परदेशी, त्या एकट्या. यजमान पहाटे उठून निघून जातात, दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. त्यांनी विचारलं होतं की ताई, तुम्ही दाराचं काहीतरी केलं होतं असं पुसटसं आठवतं, नेमकं काय केलं होतं, कडी की कुलूप?

मी तो निरोप संध्याकाळपर्यंत ठेवला. आपण काय लिहिलं होतं ते त्यांना आठवत नसावं, किंवा आठवत असेल आणि तसं दाखवायचं नसेल. दोन्ही शक्य होतं. मावशींना मी ते वाचून दाखवलं, आधीचंही सांगितलं. मावशी आईचे केस विंचरत होत्या. म्हणाल्या, "मग, देणार का उत्तर?"

"देते."

"मी नसतं दिलं," त्या म्हणाल्या, आणि वेणी घालत राहिल्या.

मी उत्तर लिहिलं. किल्ली जवळच्या शेजाऱ्याकडे ठेवा, गॅस बंद करा, आतली कडी काढून टाका म्हणजे ते स्वतःला कोंडून घेणार नाहीत, त्यांच्या खिशात पत्ता आणि फोन शिवून टाका, आणि शक्य असेल तर कुलूप टाळा, माणूस शोधा, माणूस मिळेपर्यंतच हे. लांब उत्तर होतं. लिहिताना मला मोठेपणा वाटला नाही आणि चीडही वाटली नाही. वर्गात कोणी उशिरा आलं तर त्याला धडा पुन्हा सांगतो, तसं. त्यांनी खूप खूप आभार म्हणून कळवलं. ते यजमान पुढे कसे राहिले, मला माहीत नाही.

आई त्यानंतरची दिवाळी पाहून गेली. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात चार दिवस, मग संपलं. शेवटी ती मलाही ओळखत नव्हती, पण मावशींचा हात सोडत नव्हती. भाऊ आला, सगळं केलं. घरच्या ग्रुपवर त्यानं कळवलं तसे संदेश येत गेले, भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. मामींनी लिहिलं, तू आईची फार सेवा केलीस, अशी मुलगी सर्वांना मिळो. मी त्याखाली अंगठा दाबला. बाकीच्यांच्या संदेशाखालीही दाबला. नंतर भावानं विचारलं की गटात कळवायचं का, तिथे तुझ्या ओळखीचे असतील. मी नको म्हटलं.

तेरावा झाला, भाऊ पुण्याला गेला. त्या संध्याकाळी मावशी निघताना चपला घालत होत्या. घरात आता पलंग रिकामा, औषधांचा डबा रिकामा, करायला काहीच नव्हतं. मी त्यांचा हिशेब आधीच चुकता केला होता. त्या दारात जरा थांबल्या.

"उद्या येऊ का?" त्यांनी विचारलं.

काम काय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "या."

त्या आल्या. दुपारी मी शाळेतून परतले तर त्यांनी वरण-भात करून ठेवला होता. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मावशी त्यांच्या सुनेबद्दल सांगत होत्या, पोळातल्या पाण्याबद्दल, कोणाच्या तरी लग्नाबद्दल. मी ऐकत होते. पुढचे कितीतरी दिवस त्या येत राहिल्या, मग आठवड्यातून दोनदा, आणि अजूनही कधीमधी येतात.